हटून बसलेली कात्री

शिवणाच्या डब्यातल्या वस्तू आपसात बोलत असत, त्या काळची ही गोष्ट. अंबू नावाच्या बाईने ठरवलं होतं, की यापुढे स्वतःच्या हातचेच कपडे घालायचे. पहिला परकर शिवायला तिने कोरं सुती कापड अंथरलं आणि कात्री उचलली.

कात्रीने कापड निरखून पाहिलं. कापड भिजवलेलंच नव्हतं!

"काप ना लवकर," कापड तोऱ्यात म्हणालं. "पाण्यात घातलं तर माझी खळ जाईल, चकाकी जाईल."

"आणि शिवल्यावर आटलंस तर? अंबूला परकर कमरेवर चढायचा नाही. एकदा कापलेलं मला परत जोडता येत नाही, बाबा."

कात्रीने पाती घट्ट मिटून घेतली. अंबूने जोर लावला, तेल सोडलं, शेवटी भडकलीच. "गंजलीस मेली! आता भंगारातच टाकते तुला."

तरीही कात्री उघडली नाही.

त्या झटापटीत अंबूच्या कपाळावरचा घाम कापडावर टपकला. तेवढीच जागा आक्रसली. अंबू बघतच राहिली. मग तिने कापड बादलीत बुडवलं.

उन्हात वाळून परत आलं, तेव्हा ते वीतभर आखूड झालं होतं.

"आता?" त्याने हळूच विचारलं.

तेव्हा कुठे कात्रीने तोंड उघडलं.