खिडकीतला अडॅप्टर

“मग बाबा, यातला कोणता लावू?”

प्रद्युम्नाने दोन्ही अडॅप्टर दामोदरबाबांसमोर घोंगडीवर ठेवले. एक तळहाताएवढा, वर दोन अँटेना ताठ उभ्या असलेला. दुसरा नखाएवढा, काळा, हातातून निसटला तर शोधत बसावं असा.

बाबांनी दोन्हींकडे पाहिलं.

बाहेर आभाळ सकाळपासून उतरून बसलं होतं. मठात त्या वर्षी दिवाळीचे दिवे लागलेच नाहीत. लखमाक्का ऐन दिवाळीत गेली होती. बाबांच्याही आधीपासून मठात राहिलेली म्हातारी. तिचं जेवणाचं ताट अजून पंक्तीत मांडलं जायचं, आणि मग कोणीतरी न बोलता उचलायचं.

मठ डोंगराच्या कुशीत. मोबाइलला रेंज नाही, आणि मोबाइल बाळगायची तिथे रीतही नाही. खाली अर्ध्या वाटेवर आश्रमशाळा आहे, तिचं वायफाय मठाच्या एका खिडकीपर्यंत कसंबसं पोचतं. त्या खिडकीत एक जुना संगणक, त्यावर लिनक्स ही संगणकप्रणाली. संगणकात वायफाय पकडायची सोय नाही, म्हणून यूएसबीच्या खाचेत अडॅप्टर लावायचा. आठवड्यातून एकदा तालुक्याच्या डॉक्टरीणबाई पडद्यावर यायच्या आणि म्हाताऱ्यांची विचारपूस करायच्या. मधेच कोणाला जास्त झालं, तर तिथूनच त्यांना हाक मारायची. त्या जीप पाठवायच्या.

पूर्वीचा अडॅप्टर साधा होता. चित्र अडखळायचं, पण आवाज यायचा.

प्रद्युम्नाला ते बघवेना. शहरात मोठमोठ्या यंत्रांची देखभाल करून, ते सगळं सोडून मठात आलेला तो. त्याने जुना अडॅप्टर फेकून दिला आणि बाजारातला सगळ्यांत वेगवान, हा दोन अँटेनांचा, आणला. लिनक्स त्याला ओळखेना. त्याला चालवणारा ड्रायव्हर, म्हणजे छोटासा प्रोग्रॅम, लिनक्समध्ये मुळात नव्हताच. प्रद्युम्नाने तो कुठून कुठून शोधला, स्वतः जुळवून बसवला. चित्र आरशासारखं स्वच्छ आलं.

“अगं बाई,” लखमाक्का पडद्याला नाक लावून म्हणाली होती, “डॉक्टरीणबाईंची चमकी दिसती!”

फक्त एक होतं. लिनक्सचं अपडेट आलं की कधी कधी हा ड्रायव्हर निखळायचा. मग प्रद्युम्नाने तो पुन्हा बसवायचा. हातासरशी होणारं काम.

तो व्याख्यान द्यायला शहरात गेला होता, तेव्हा असंच एक अपडेट आलं. आणि दुसऱ्या दिवशी सकाळी लखमाक्काच्या छातीत कळ आली.

स्वयंपाकघर सांभाळणारी तुळसाताई खिडकीशी धावली. पडद्यावर वायफायचं चिन्हच नव्हतं. तिने संगणक बंद केला, चालू केला. अडॅप्टर काढला, पदराने पुसला, पुन्हा लावला. शाळेला सुट्टी, तिथे कुलूप. शेवटी ती सगळा डोंगर उतरून गावात गेली. जीप वर आली तेव्हा दिवस कलला होता, आणि घाई करण्यासारखं काही उरलं नव्हतं.

“मी म्हणतो मोठाच लावू, बाबा,” प्रद्युम्न म्हणाला. “या वेळी वेगळी व्यवस्था करतो. अपडेट आलं की ड्रायव्हर आपोआप पुन्हा जुळेल.”

“नेहमी?”

“बहुतेक वेळा.”

“आणि नाही जुळला तर?”

“तर मी आहेच की.”

बाबांनी मान वर केली.

प्रद्युम्नाने नजर खाली वळवली. शब्द तोंडातून गेला होता...

“आणि हा?” बाबांनी नखाएवढ्याकडे बोट केलं.

“हा हळू आहे. याचा ड्रायव्हर लिनक्समध्ये आधीपासूनच असतो. लावला की चालतो. काही करावं लागत नाही.”

“काही म्हणजे?”

“काहीच नाही.”

“कोणीही लावावा?”

“कोणीही.”

“मग अडतंय कुठे?”

प्रद्युम्नापाशी उत्तर होतं. शाळा किती खाली आहे, भिंती किती जाड आहेत, मोठी अँटेना काय करते, सगळं त्याने मनाशी जुळवून आणलं होतं. ते सांगायला त्याने तोंड उघडलं, आणि एवढंच निघालं:

“चित्र अडखळेल, बाबा.”

“लखमाला त्या दिवशी चित्र स्वच्छ दिसलं?”

खाली दरीतून धुकं वर चढत होतं. खिडकी हळूहळू पांढरी होत गेली.

“तो ड्रायव्हर निखळला की लोक काय म्हणायचे?” बाबांनी विचारलं. आवाजात राग नव्हता. राग असता तर प्रद्युम्नाला बरं वाटलं असतं.

“म्हणायचे... प्रद्युम्नाला बोलवा.”

“आणि?”

“त्याच्याशिवाय हे व्हायचं नाही, म्हणायचे.”

प्रद्युम्नाला ते सगळं दिसलं. ओसरीवर खोळंबलेली माणसं. त्याला वाट करून देण्यासाठी सरकणारे गुडघे. स्टुलावर हात जोडून बसलेली लखमाक्का. आणि ओसरीच्या त्या टोकापासून खिडकीपर्यंत मुद्दाम सावकाश चालत येणारा तो स्वतः.

“तुळसा!” बाबांनी हाक मारली.

तुळसाताई कणकेचे हात घेऊनच आली. बाबांनी घोंगडीवरचा छोटा अडॅप्टर उचलला आणि तिच्यापुढे धरला.

“लाव.”

ती दोन पावलं मागे सरली.

“मी नाही बाबा. आता त्या यंत्राला हात नाही लावायची मी.”

“का?”

“माझ्याच हातून बिघडलं ना ते... मी काढघाल केली, पुसलं. कुठं काय दाबलं गेलं, देवाला ठाऊक. अक्का माझ्याकडं बघत होती बाबा. झालं का गं, झालं का गं, विचारत होती.”

ती असं समजून चालली आहे, हे प्रद्युम्नाच्या कानावर आलं होतं. चुलीपाशी, पाणवठ्यावर, तिने प्रत्येकाला तेच सांगितलं होतं. तो प्रत्येक वेळी तिथून उठून गेला होता.

“ताई,” तो म्हणाला, “तुमच्या हातून काही बिघडलं नव्हतं.”

तुळसाताईने त्याच्याकडे पाहिलं.

“आधीच बंद पडलं होतं ते. तुम्ही काहीही केलं असतं, तरी लागलं नसतं.”

“मग दादा... इतके दिवस सांगितलं का नाही?”

तिने हात पदराला पुसले, बाबांच्या हातातून अडॅप्टर घेतला आणि खिडकीकडे गेली.

प्रद्युम्न तिच्यामागे निघाला.

“तू बाहेर जाऊन बस,” बाबा म्हणाले.

“पण बाबा, आज डॉक्टरीणबाईंचा दिवस आहे. शाळेचा पासवर्ड लागेल. काही अडलं तर...”

“बाहेर.”

तो पायरीवर जाऊन बसला. धुक्यात अंगण हरवलं होतं, समोरचं फणसाचं झाडही दिसत नव्हतं. दार उघडंच होतं. आतून खुर्ची सरकल्याचा आवाज आला. तुळसाताई कोणाला तरी विचारत होती, शाळेतल्या बाईंनी सांगितलेला तो शब्द कसा आहे म्हणून. कोणीतरी अक्षरं सांगत होतं. चुकत होतं. पुन्हा सांगत होतं.

प्रद्युम्नाचं अर्धं अंग दाराकडे वळलं होतं. हाक आली की उठायचं, एवढंच त्याच्या डोक्यात होतं.

हाक आली नाही.

कुठेतरी अडू दे... त्याच्या मनात येऊन गेलं. आलेला विचार त्याने ओळखला, आणि त्या थंडीत त्याला घाम फुटला.

तेवढ्यात आतून तुटक आवाज आला. “ऐ... येतंय का?... तुळसाताई, ऐकू येतंय का?”

“येतंय बाई, येतंय!”

आत गलबला झाला. खोकला ऐकवणं, गुडघे दाखवणं, एकमेकांना सरका म्हणणं. डॉक्टरीणबाईंनी लखमाक्काचं नाव काढलं असावं, कारण मधेच सगळे गप्प झाले. तुळसाताई रडत होती आणि रडत रडत सांगत होती. डॉक्टरीणबाई ऐकत होत्या. मग कोणीतरी कसलीशी गोळी कडू लागते म्हणालं, आणि दिवाळीनंतर पहिल्यांदाच मठात कोणीतरी हसलं.

प्रद्युम्न पायरीवरच होता. अंधारून आलं. आतला दिवा लागला, उजेडाचा पट्टा त्याच्या पाठीवरून अंगणात पडला.

दामोदरबाबा भिंत धरत बाहेर आले आणि हळूच त्याच्या शेजारी बसले.

“लागला?” त्याने विचारलं.

“लागला.”

“चित्र?”

“अडखळतं.”

“बाबा... कोणी मला बोलवलं का?”

बाबांनी अंगावरची घोंगडी काढली, त्याच्या खांद्यांवर घातली आणि म्हणाले,

“आत कुणाला तुझी आठवणसुद्धा झाली नाही, बाळा.”