ढगाला टेकायला फांदी

फार मागे काशीदेशात उग्रदत्त राजा राज्य करीत असताना बोधिसत्त्व आचार्य होऊन एका डोंगराच्या कुशीत गुरुकुल चालवीत होते. शिष्य त्यांच्यावर जीव टाकत. अग्निशाळेसाठी मोठी मोळी आणील तोच आचार्यांचा लाडका, असे कोणी सांगितले नव्हते; पण पोरे ती पोरेच. त्यांच्यात चढाओढ लागली आणि डोंगर बोडका झाला. सर्वांत मोठी मोळी भद्रकाची असे. त्याला आईबाप नव्हते. गुरुकुल हेच त्याचे घर.

उन्हाळे लांबले. ढग डोंगरावर न थांबता पुढे जाऊ लागले. झऱ्याची धार करंगळीएवढी उरली, आणि तो आटला तर गुरुकुल मोडणार हे उघड होते. आचार्यांनी झाडे आणि पाणी यांवर पाठ दिला. शिष्यांनी तो घडाघडा म्हणून दाखवला आणि दुसऱ्या दिवशी कुऱ्हाडी घेऊन निघाले. आचार्यांना हसू आले.

संध्याकाळी त्यांनी गोष्ट सुरू केली. ऐकणाऱ्यांनी हुंकार द्यायचा, हुंकार थांबला की सांगणाऱ्यानेही थांबायचे, अशी तिथली रीत होती.

"एक म्हातारा ढग होता. डोंगरावरची झाडं ही त्याची नातवंडं. दरवर्षी त्यांच्यासाठी पाणी घेऊन यायचा."

"हूं," सगळे म्हणाले.

"यंदा आला, तर टेकायला एक फांदी नाही. त्यानं डोंगराला विचारलं, माझी लेकरं कुठं गेली?"

या वेळी हुंकार आला नाही. रीतीप्रमाणे आचार्य थांबले. भद्रकाने मान खाली घातली होती.

"तुमचा अग्नी विझू नये म्हणून मी…" तो म्हणाला.

"ठाऊक आहे, बाळा. म्हणून तर रागावता येत नाही."

"मग तो ढग परत गेला?"

"पुढचं तू सांग."

त्या वर्षी झरा आटलाच. पण कोणी गुरुकुल सोडले नाही. अग्निशाळेत गळून पडलेल्या काटक्यांचा लहानसा जाळ पेटू लागला. भद्रक आणि त्याचे सोबती खालच्या नदीवरून घागरी आणीत, अर्ध्या पिण्यासाठी, अर्ध्या डोंगरावर लावलेल्या नव्या रोपांसाठी. भद्रकाचे केस पिकू लागले, तेव्हा कुठे ढग डोंगरावर थांबला आणि झरा पुन्हा वाहिला. वयाने थकलेल्या आचार्यांनी भद्रकाच्या ओंजळीतून पाणी पिऊन म्हटले, "पुढची गोष्ट छान सांगितलीस रे."

जमलेल्या भिक्षूंना ही मागच्या जन्मीची गोष्ट सांगून भगवान शास्ता थांबले. "तो भद्रक म्हणजे काल माझ्या कुटीसाठी कोवळी झाडे तोडून आणणारा हा आपला चंदक, त्याचे सोबती म्हणजे तुम्ही, आणि आचार्य मी." चंदक ओशाळला. शास्त्यांनी त्याला जवळ बसवून घेतले.

प्रेमापोटी चुकणाऱ्याला न दुखवता शहाणे करणे, ही मैत्री पारमिता, म्हणजे मैत्रीची परिपूर्णता, होय.