खळग्यातले ऊन

एकदा एक शिष्य स्थापत्यविद्येत निष्णात होऊन, नदीकाठच्या गावी, आपल्या वृद्ध गुरूंच्या भेटीस आला. त्या नदीवर मालमोटारींसाठी पूल व्हायचा होता आणि त्याचा आराखडा त्यानेच रेखला होता. सोबत गुळाचा एक व्यापारी होता. गुरुजींची संमती मिळाली की गावाचीही मिळेल, हे दोघेही जाणून होते.

जुन्या घाटाच्या पायरीवर शिष्याने आराखडा उलगडला. "गुरुजी, पूल पूर्वेकडून, घाटाला लागूनच, उंचावरून जाईल. शिवालय, वीरगळ, पायऱ्या. एकही दगड हलणार नाही."

गुरुजींनी आराखडा निरखून पाहिला. मग त्यांनी नदीत तांब्या बुडवला. पिढ्यान्‌पिढ्या घागरी टेकून पायरीत एक खोल खळगा पडला होता. तो काठोकाठ भरेपर्यंत ते पाणी ओतत राहिले आणि शेजारी बसले.

"आता?" व्यापाऱ्याने विचारले.

"आता थांबायचे. शेटजी, जरा सरून उभे राहा. पाण्यावर तुमची सावली पडते आहे."

व्यापारी सरकला, पण पुटपुटला, "गुळाच्या गाड्या दोन गावांचा वळसा घालताहेत, आणि आम्ही डबक्याची राखण करतोय."

माघातली सकाळ होती. ऊन हळूहळू पायरीवर स्थिरावले. काही वेळाने एक माहेरवाशीण नुकतीच मान धरलेले बाळ घेऊन घाट उतरली.

"गुरुजी, पाणी ऊन झालं का?"

"कोपर बुडवून बघ, पोरी."

तिने कोपर बुडवले आणि बाळाला अलगद खळग्यात टेकवले. गावातल्या प्रत्येक बाळाचे पहिले नदीस्नान असेच होत असे. बाळाने पाय झाडले. शिष्याच्या आराखड्यावर पाणी उडाले.

गुरुजी हसले. "तुझ्या आईने तुलाही इथेच न्हाऊ घातले होते. तेव्हाही पाणी मीच भरले होते. तू दगड मनापासून राखलेस, ते मला दिसते. पण पूर्वेला पूल उभा राहिला, की ही पायरी दुपारपर्यंत सावलीत राहील. खळगा असेल, पाणी असेल, मात्र ते गारच राहील. मग कोणती आई इथे बाळ आणील? घाट पाहायला लोक येतील, नांदायला येणार नाहीत. पूल अवश्य व्हावा. गाड्यांनाही वाट हवीच. एवढ्या उन्हाला तुझ्या आराखड्यात जागा कर."

शिष्याने पाण्यात बोटे बुडवली. पाणी कोमट होते. बराच वेळ त्याने हात बाहेर काढला नाही. मग प्रवाहाच्या खालच्या अंगाला, दूरच्या वळणाकडे पाहत तो म्हणाला, "शेटजी, पूल त्या वळणापलीकडे न्यावा लागेल. थोडा वळसा उरेल."

ऊन एव्हाना सरकले होते आणि व्यापाऱ्याची सावली पुन्हा बाळाच्या पाण्यावर आली होती. ते ध्यानात येताच, कोणी न सांगता, तो हलकेच बाजूला झाला.