शेवटून दुसरं अक्षर

"पाहुण्यांसमोर घरची बोली बोलायची नाही, हे ठरवलं कुणी?" युस्तिनाने विचारलं.

पारास्का आत्याच्या हातातलं लाटणं थांबलं. पाळण्यात असल्यापासून युस्तिना हा नियम ऐकत आली होती. त्यावर प्रश्न विचारायचा नाही, हाही नियमच होता.

"कुणी म्हणजे? आम्ही!"

ही माणसं लेम्को. मूळची कार्पेथियन डोंगरातली; आजोबांच्या पिढीला महायुद्धानंतर सरकारने रेल्वेच्या डब्यांत भरून युक्रेनच्या या सपाट मुलखात आणून उतरवलं. 'फक्त' म्हणायचं तर ते 'लेम' म्हणत, म्हणून लेम्को. इथली पोरं शाळेच्या वाटेवर त्यांच्यामागे मेंढरांसारखी 'लेऽऽम, लेऽऽम' ओरडत. आत्या ते अजून विसरली नव्हती.

आज युस्तिनाच्या बहिणीचं लग्न. नवऱ्याकडची मंडळी मोठ्या शहरातून यायची होती. स्वागताचं गाणं युस्तिना म्हणणार होती, आणि ग्रित्सकाकाने त्यातले शब्द बदलून, प्रमाण युक्रेनियन भाषेत 'शुद्ध' करून, कागद तिच्या हातात ठेवला होता.

अक्रोडाच्या झाडाखाली म्हातारे तेओदोर गुरुजी बसले होते. गावाला गाणं त्यांनीच शिकवलेलं.

"गुरुजी, तुम्ही तरी सांगा यांना! मी या बोलीवर दीडशे पानांचा प्रबंध लिहिलाय. बोली मरतेय, आणि हे..."

"कुठल्या भाषेत लिहिलास?"

"प्रमाण भाषेत. कॉलेजात दुसरं काय चालणार?"

"आणि आत्ता भांडतेयस कुठल्या भाषेत, पोरी?"

युस्तिना प्रमाण भाषेतच भांडत होती. कानांच्या पाळ्या लाल झाल्या.

"काकाचा कागदच गा," गुरुजी म्हणाले. "ग्रित्स, तू नाच."

"मी? या वयात?"

"ऊठ."

तिने सूर लावला. काका कमरेवर हात ठेवून अंगणात उतरला. लेम्को बोलीत प्रत्येक शब्दाचा जोर शेवटून दुसऱ्या अक्षरावर पडतो, आणि या चालीत टाच आपटायची ती नेमकी तिथेच. कागदावरच्या शब्दांचा जोर मात्र मनाला येईल तिथे पडत होता. काकाची टाच हवेत, ठेका निघून गेलेला. तिसऱ्या ओळीला तो खारवलेल्या काकड्यांच्या पिंपावर जाऊन बसला.

"सकाळीच पिऊन आलास का रे?" आत्या ओरडली.

"शपथ, थेंब नाही! शब्दच लंगडे आहेत!"

"तूच लिहिलेस ना, मेल्या!"

अंगण हसून हसून वाकलं.

"आता आपलं," गुरुजी म्हणाले.

युस्तिनाने घरच्या शब्दांत तेच गाणं म्हटलं, आणि काका पिंपावरून असा उठला की जणू कुणी खालून ढकललं. टाच, टाच, गिरकी... आत्यासुद्धा पिठाच्या हातांनी टाळ्या देऊ लागली. पांढरा धुरळा उडाला.

तेवढ्यात फाटकाबाहेर मोटारींचे हॉर्न वाजले.

आत्याने डोळे पुसले, डोक्याचा रुमाल नीट केला आणि कागद पुन्हा युस्तिनाच्या हातात कोंबला. "झाली गंमत. आता हे म्हण."

"हो, हेच," काका धापा टाकत म्हणाला. "चारचौघांत शोभा नको."

फाटक उघडलं. रेशमी टाय बांधलेले पाहुणे आत डोकावले.

युस्तिनाने गुरुजींकडे पाहिलं. ते दुसरीकडेच पाहत होते.

तिने कागद आत्याच्या पिठाच्या परातीत ठेवला.

"नाही," ती म्हणाली. खणखणीत, घरच्या बोलीत, पार फाटकापर्यंत ऐकू जाईल असं. "मी हे म्हणणार नाही, आत्या. आपलंच म्हणणार. हसायचं त्यांनी हसावं."

आत्याने कागद परातीतून पुन्हा उचलला नाही.

गुरुजी वळले.

"ग्रित्स," ते म्हणाले, "बुटांचे बंद आवळ."