वापरलेला ओटा

संस्थेच्या वसतिगृहाला रोज पोळ्या पुरवायचं काम मागायला शैलाबाई घोडके गेल्या, तेव्हा अध्यक्ष यशोधनरावांनी त्यांना तासभर उभं ठेवून आपल्या सागवानी खुर्चीचं कौतुक ऐकवलं. आधी तिच्यात आजोबा बसले, मग वडील, आणि आता ही स्वारी.

दोन दिवसांनी चार होयबा बरोबर घेऊन राव बाईंचं स्वयंपाकघर तपासायला आले. ग्रॅनाइटचा ओटा आणि खालची कपाटं बाईंनी पाडायला काढलेल्या एका बंगल्यातून विकत आणली होती. बिजागऱ्या नव्या बसवल्या होत्या, दगड घासून घासून आरशासारखा केला होता. पण कुणीतरी आधीच रावांच्या कानाला लागलं होतं.

रावांनी नाकाला रुमाल लावला. "शी! लोकांनी वापरून टाकलेला ओटा? आमच्या संस्थेत असलं चालत नाही. का चालावं, ते एका वाक्यात पटवा. नाहीतर काम विसरा."

होयबा फिदीफिदी हसले. बाईंनी लाटणं खाली ठेवलं.

"तुमची खुर्ची चालते ना साहेब, तसाच हा ओटा चालेल."

"खुर्ची?" राव कडाडले. "ती मला वारशाने मिळालीय!"

"तेच म्हणते मी," बाई म्हणाल्या. "ओटा मी निदान स्वतःच्या कमाईने आणलाय."

एक होयबा चुकून हसला. रावांचा रुमाल नाकावरून कपाळावर गेला.

"सोमवारपासून पाठवा पोळ्या," एवढंच पुटपुटून ते जिना उतरले.