दोन मिनिटांचं काम

कोल्हापूरच्या काही हौशी मंडळींनी मिळून शाळांसाठी फुकट संगणकप्रणाली तयार केली होती. तिच्यात लिहिण्यासाठी आधीपासून कोणतं सॉफ्टवेअर बसवून द्यायचं, हे ठरवायला बैठक भरली. समोर दोन पर्याय होते; संस्थापक केळुसकरांना स्वतः बनवलेलंच हवं होतं.

मंडळींपैकीच एक असलेली गार्गी तांडेल म्हणाली, "सर, दुसरं सॉफ्टवेअर मजकूर वाचून दाखवतं. तुमचं अंध मुलांना वापरताच येणार नाही."

"मग त्यांनी बदलून घ्यावं. दोन मिनिटांचं तर काम!" केळुसकर गुरकावले.

"तसं असेल तर दुसरंच देऊ या," गार्गी शांतपणे म्हणाली. "ज्याला तुमचं हवं, तो दोन मिनिटांत बदलेल. त्याला निदान बदलायचं बटण दिसतं."

 मतदानात दुसऱ्या सॉफ्टवेअरसाठी पहिला हात केळुसकरांचाच वर गेला.