ओळखू यावं म्हणून

कुठल्याशा गावात एक भोळा कारकून होता. नाव सोपान. कुमुदताईंच्या वधूवर सूचक मंडळात तो कॉम्प्युटरवर बसायचा. दुसऱ्यांची लग्नं जमवता जमवता स्वतः पस्तिशीला टेकला होता. ताई म्हणाल्या, "हा महिना एकही घोळ न घालता काढ. ढवळ्यांची मुलगी तुला दाखवते."

सोपाननं भलतंच मनावर घेतलं.

पहिल्याच आठवड्यात एक ईमेल आला. पाठवणारा कोण, ठाऊक नाही. सोबत एक फाईल. सोपाननं ती उघडली. आत व्हायरस निघाला. कॉम्प्युटर दोन दिवस आडवा.

ताई कडाडल्या, "अनोळखी माणसाचं काही उघडायचं नाही!"

दुसऱ्या दिवशी दारावर टकटक झाली. मुलीचं स्थळ घेऊन कोणी गृहस्थ भर उन्हात उभे. सोपान खिडकीतून म्हणाला, "तुमची ओळख नाही. उघडणार नाही." ते आले तसे गेले.

ताईंनी कपाळावर हात मारला. "अरे, ओळख पटली की उघडावं!"

मग पेंडसे गुरुजींचा ईमेल आला. विषय, 'माझं तुझ्यावर प्रेम आहे.' गुरुजी सत्तरीचे, पण ओळखीचे. सोपान लाजला आणि त्यानं फाईल उघडली. ते पत्र आपोआप मंडळाच्या यादीतल्या साऱ्या घरांना निघणार, तोच ताईंनी वायर उपटली.

दुरुस्तीवाला म्हणाला, "थोडक्यात वाचलात. हे गुरुजींनी नाही, व्हायरसनं धाडलंय. जो उघडतो, त्याच्याच नावानं ते पुढे सगळ्यांना जातं. लोकांना सावध करा."

सोपाननं लिहिलं, 'एक वाईट पत्र फिरत आहे. उघडू नये.'

ताई वैतागल्या. "एवढ्यानं काय कळणार? फोटोशिवाय स्थळ पाठवतोस का कधी? लोकांना ओळखू यायला हवं!"

सोपानला पटलं. त्यानं ते पत्रच सोबत जोडलं, खाली आपलं नाव घातलं आणि चारशे बारा घरांना पाठवलं.

तासाभरात ढवळ्यांचा फोन. "ताई, मंडळाचं म्हणून विश्वासानं उघडलं हो! माझ्या नावानं अख्ख्या भजनी मंडळाला प्रेमपत्र गेलंय. सरपंचबाईंनासुद्धा! तुमचा तो सोपान आम्हाला नको."

ताईंनी फोन ठेवला आणि सोपानला सगळं सांगितलं. हातातोंडाशी आलेली मुलगी गेली. बिचाऱ्याला फार वाईट वाटलं. पण आपली चूक आपणच निस्तरायची, म्हणून तो पुन्हा कॉम्प्युटरपुढे बसला आणि घाईघाईनं काहीतरी पाठवून मोकळा झाला.

"आता काय पाठवलंस?" ताईंनी धसकून विचारलं.

"आमचं आधीचं पत्र उघडू नका म्हणून सगळ्यांना कळवलं, ताई. ओळखू यावं म्हणून तेही सोबत जोडलंय."